आठशे दहा की हजार सत्तर

दादरच्या एका मॅचिंग सेंटरच्या काउंटरमागे मी सव्वीस वर्षं उभी आहे. बायका साडी घेऊन येतात, मी काठाकडे एकदा बघते आणि मागच्या फळीवरून बरोबर त्याच रंगाचं ठाण काढते. चिंतामणी, आमसुली, मोरपिशी, डाळिंबी, वांगी. या कामात माझी चूक क्वचितच व्हायची. हे आधी सांगते, कारण पुढच्या दोन महिन्यांत मला आणि माझ्या घरच्यांना एकाही गोष्टीची धड निवड करता आली नाही, आणि त्यात माझा जीव जायची वेळ आली होती. हे लिहिताना अजूनही काही दिवस मला नीट आठवत नाहीत. तिथे मुलीला आणि ह्यांना विचारून लिहिलं आहे. दोघांच्या आठवणी जुळत नाहीत, तेही तसंच ठेवलं आहे.

टेंगूळ

नवरात्रीच्या आधीचा आठवडा होता. नऊ दिवसांच्या नऊ रंगांमुळे आमच्याकडे तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. वरच्या फळीवरचं राखाडी ठाण काढायला मी स्टुलावर चढले आणि स्टूल कलंडलं. उजव्या कानाच्या वर काउंटरची कड लागली. रक्त आलं नाही, चक्कर आली नाही, फक्त एक टेंगूळ आलं. मी उठून काउंटरवर थांबलेल्या बाईला राखाडी कापड मोजून दिलंसुद्धा.

माझ्याबरोबर काम करणारी रेश्मा ऐकेना. माझ्या हृदयात स्टेंट आहे आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू आहेत, हे तिला माहीत होतं. तिने माझ्या मुलीला, मानसीला, फोन केला आणि तिघी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डोक्याचा स्कॅन झाला. तरुण डॉक्टर म्हणाला, "स्कॅन स्वच्छ आहे. मुका मार आहे. मेंदूला हादरा बसलाय, थोडे दिवस डोकं दुखेल, उजेड सहन होणार नाही, विसरायला होईल. आराम करा. पण तुमच्या गोळ्यांमुळे जरा लक्ष ठेवा. काही वाढतंय असं वाटलं तर लगेच परत या." त्याने एक छापील कागद दिला. मानसीने तो टॅक्सीत मोठ्याने वाचला, मग फाइलमध्ये ठेवला, आणि फाइल कपाटात गेली.

नायगावची आमची चाळ पुनर्विकासाला गेल्यापासून आम्ही वडाळ्याला भाड्याने राहतो. दोन खोल्या, तीन माणसं. हे लिफ्ट मेकॅनिक होते, आता निवृत्त. मानसी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधणं ही तिची नोकरी, आणि ती ते घरीही करते.

उजेड नको

डॉक्टर म्हणाला तसंच झालं. डोकं दुखायला लागलं. ट्यूबलाइट लावली की डोळ्यांमागे कोणी बोट दाबल्यासारखं वाटायचं. मानसीने खिडक्यांना जाड चादरी लावल्या. दोन आठवड्यांनी थोडं बरं वाटलं म्हणून मी दुकानात गेले. आमच्या दुकानात रंग नीट कळावा म्हणून बारा ट्यूब आहेत. अर्ध्या तासात मी घामाघूम झाले. एका मुलीने रामा ग्रीन काठाची पैठणी पुढे केली. मी मागे वळले आणि मला त्या रंगाचं नाव आठवेना. नाव जाऊ दे, कुठल्या फळीवर हात न्यायचा तेही कळेना. सव्वीस वर्षं हात आपोआप जात होता. शेठ म्हणाले, "ताई, दिवाळीनंतर या, काही घाई नाही." ते प्रेमानेच म्हणाले, पण मला वाटलं, झालं, माझं दुकान संपलं.

त्या संध्याकाळी मी मानसीसमोर पहिल्यांदा रडले. ती रडली नाही. तिने लॅपटॉप उघडला.

तांबड्याच्या पलीकडे

दोन दिवसांनी ती म्हणाली, "आई, मेंदूला मार लागलेल्या लोकांसाठी एक लाइट थेरपी आहे. हेल्मेटसारखं घालायचं. आत बारीक दिवे असतात."

"मला उजेड सहन होत नाही, आणि तू माझ्या डोक्यावर दिवे लावणार?"

"हा उजेड दिसतच नाही. तांबड्याच्या पलीकडचा असतो. तो हाडातून थोडा आत जातो आणि मेंदूच्या पेशींना ताकद देतो, असं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तेच बघतेय."

ती आठवडाभर तेच बघत होती. तिने मोठा तक्ता केला. वर आकडे लिहिले: सहाशे सत्तर, आठशे दहा, आठशे पन्नास, हजार सत्तर. हे प्रकाशाच्या लहरींचं माप. आकडा मोठा, तशी लहर लांब. सहाशे सत्तर म्हणजे डोळ्याला दिसणारा तांबडा, तो बहुतेक कातडीतच अडकतो, म्हणून तो पहिल्या दिवशी बाद झाला. उरलेल्यांत भांडण होतं, त्यातही टोकाच्या दोघांत.

ती मला समजवायची आणि मी समजल्यासारखं करायची. आठशे दहा म्हणे पेशींना चांगला शोषता येतो. हजार सत्तर म्हणे वाटेत कमी विखुरतो, म्हणून जास्त खोल जातो. पण पाणी त्याला जास्त अडवतं.

"डोक्यात पाणी किती असतं?" मी विचारलं.

"खूप."

"मग खोल कसा जातो?"

"म्हणून तर कळत नाहीये, आई." तिचा आवाज चढला, मग लगेच उतरला. "एक जण म्हणतो खोल जाणं महत्त्वाचं. दुसरा म्हणतो खोल जाऊन पेशींनी घेतलाच नाही तर काय उपयोग. दोघंही शिकलेले आहेत. आणि दोघंही यंत्रं विकतायत."

हे कोपऱ्यात बसून ऐकत होते. ह्यांनी मालवणीत एकच प्रश्न विचारला, "डोक्याक तेल लावलेला चालता काय?"

आम्हाला हसू आलं. पण मानसीने तोही प्रश्न तक्त्यात लिहिला, कारण केस प्रकाश अडवतात हे तिने वाचलं होतं आणि तेलाचं तिला माहीत नव्हतं.

शेवटी ती नायगावच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. मी झोपले होते म्हणून एकटीच गेली. आता मागे बघता, मी तिच्याबरोबर जायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "यावर काम चालू आहे, पण कुठली लहर, किती वेळ, किती जोर, काहीच पक्कं ठरलेलं नाही. मी घ्या म्हणणार नाही."

"म्हणजे नको म्हणता?"

"घ्या म्हणत नाही, एवढंच म्हणतो. आईंना एकदा घेऊन या."

मानसीने घरी येऊन सांगितलं की डॉक्टर नको म्हणाले नाहीत. ह्यांनी ऐकलं की डॉक्टर हो म्हणाले नाहीत. 'एकदा घेऊन या' हे शेवटचे तीन शब्द त्या दिवशी कोणीच ऐकले नाहीत. मानसीला ते कितीतरी दिवसांनी आठवले.

टोपी

दादरला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर अशी यंत्रं भाड्याने देणारं एक सेंटर सापडलं. तिथला गृहस्थ अदबीने बोलायचा, प्रत्येक वाक्याला "मॅडम" म्हणायचा. मानसीने त्याला तक्ता दाखवला तेव्हा तो जरा गांगरला. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे दोन्ही आहेत. पेशंटना दोन्हींनी बरं वाटतं."

"मग फरक काय?"

"कुणाला हे सूट होतं, कुणाला ते."

आम्ही आठशे दहाचं घेतलं. रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं. पहिल्या दिवशी डोळे मिटून घेतलेले असूनही मी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले होते. काहीच झालं नाही. थोडी ऊब आली, सकाळच्या उन्हात बसल्यासारखी. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. वीस मिनिटं घर शांत असायचं. मानसी समोर बसायची, हे टीव्हीचा आवाज बंद करायचे. आजारपणात माझ्यासाठी तिघं एकत्र बसलोय, याचंच मला बरं वाटत होतं. ते प्रकाशाने वाटतंय की माणसांनी, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

मानसी रोज विचारायची, "दहापैकी किती?" मी चार म्हणायचे, पाच म्हणायचे. एकदा सहा म्हणाले, तर तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की दुसऱ्या दिवशीही मी सहाच म्हणाले. तो आकडा खरा नव्हता. हे मी तिला खूप नंतर सांगितलं.

दिवाळी आली. आमच्या दारात एकच पणती होती, तीही बाहेरच्या बाजूला. मी दिवसाही झोपायला लागले होते. दुपारी जेवताना मध्येच डोळा लागायचा. मानसीने वाचलं होतं की प्रकाश जास्त झाला तर सुस्ती येते. म्हणून वीसची दहा मिनिटं केली. सुस्ती गेली नाही. मग तिला वाटलं, लहरच चुकली. आठशे दहा आपल्याला सूट होत नाही, हजार सत्तर आणू.

ह्यांचा याला विरोध होता, पण ह्यांचं कारण वेगळं. ह्यांना ते हेल्मेट पेटतंय की नाही याचीच शंका होती. टीव्हीचा रिमोट चालतो का बघायला हे मोबाईलचा कॅमेरा त्याच्या दिव्यासमोर धरतात. डोळ्याला न दिसणारा उजेड कॅमेऱ्यात जांभळट दिसतो. आठशे दहाचं हेल्मेट ह्यांनी असंच तपासलं होतं. कॅमेऱ्यात छान जांभळे ठिपके दिसले, ह्यांचं समाधान झालं. हजार सत्तरचं आलं तेव्हा ह्यांनी कॅमेरा धरला, तर काळोख. एकही ठिपका नाही.

"बंद आसा ह्या," हे म्हणाले.

मानसीने सेंटरला फोन लावला. तो गृहस्थ म्हणाला, "मॅडम, हजार सत्तर मोबाईलला दिसत नाही. दिसत नाही म्हणजेच ओरिजिनल आहे."

मानसीने शोधलं. तो म्हणत होता ते बरोबर होतं. मोबाईलचा कॅमेरा तितक्या लांबच्या लहरीला जवळजवळ आंधळाच असतो. पण ह्यांचंही बरोबर होतं, कारण बंद पडलेला दिवाही कॅमेऱ्यात तसाच दिसला असता. चालू आहे म्हणून दिसत नाही की बंद आहे म्हणून दिसत नाही, हे कसं ठरवायचं? हे तळहात आत घालून बसले आणि म्हणाले, "कोमट लागता." मानसीने हात घातला, तिला काही लागेना. मला घालायला सांगितलं. मी उजवा हात घातला. मला आठवतं, मी हो म्हणाले, कारण मला परत झोपायचं होतं.

अशी आमची दोन माणसं माझ्या डोक्यापाशी उभी राहून त्या टोपीत दिवा पेटलाय का ते बघत होती. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. यात त्यांचा दोष काढत नाही. मीसुद्धा टोपीकडेच बघत होते.

माझ्या डाव्या पायातून चप्पल निसटायची. मी म्हटलं चप्पल सैल झाली, ह्यांनी नवी आणली. तीही निसटली. साडीच्या निऱ्या जमेनात म्हणून मी गाऊनच घालायला लागले. डोकं सकाळी जास्त दुखायचं. मानसी ते सगळं तक्त्यात लिहीत होती, 'हजार सत्तर, दिवस तिसरा', 'दिवस चौथा', आणि प्रत्येक गोष्टीचा संबंध प्रकाशाशी लावत होती.

रेश्मा

पाचव्या दिवशी दुपारी रेश्मा आली. दुकानात उरलेल्या कापडांचे बारीक तुकडे तिने पिशवीत भरून आणले होते. मला वाटावं की मी अजून कामावर आहे, म्हणून. तिने ते माझ्या पुढ्यात पसरले. "ताई, जोड्या लावा बघू. गंमत म्हणून."

मी लावायला लागले. मला बरंच जमत होतं, असं माझं म्हणणं. रेश्मा सांगते, मी फक्त उजवीकडचे तुकडे उचलत होते. डावीकडे पडलेले मला जणू दिसतच नव्हते. तिने चहाचा कप माझ्या डाव्या हातात दिला. कप कलला आणि चहा मांडीवर सांडला, आणि मी कपाकडे न बघता बोलत राहिले.

रेश्मा काही ओरडली नाही. तिने कप काढून घेतला, माझा गाऊन पुसला आणि आत जाऊन मानसीला म्हणाली, "मानसी, ताई डावा हात वापरतच नाहीयेत. असं कधीपासून आहे?"

"डावा? नाही ग, वापरते ती."

"नाही वापरत. मी अर्धा तास बघतेय. आमच्याकडे दिवसभर गिऱ्हाइकांच्या हातांकडेच बघायचं असतं."

मानसी बाहेर येऊन माझ्यासमोर बसली. "आई, दोन्ही हात पुढे कर. सरळ. डोळे मीट."

मी केले. माझ्या मते दोन्ही हात सरळ होते. डोळे उघडले तेव्हा डावा खाली मांडीवर आला होता. मला नवल वाटलं, भीती नाही. भीती मानसीच्या तोंडावर होती. तिने लॅपटॉप बंद केला आणि ह्यांना म्हणाली, "बाबा, टॅक्सी बोलवा."

विळ्याचं पातं

परळला पोचेपर्यंत मी दोनदा विचारलं की आपण कुठे चाललोय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ह्यांनी माझा हात हातात घेतला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, ह्यांनी टॅक्सीत माझा हात कधी धरला नव्हता. त्यावरून मला कळलं की काहीतरी मोठं आहे.

पुन्हा तोच स्कॅन. या वेळी एक डॉक्टरीणबाई होत्या, केस पांढरे, आवाज बारीक. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. कवटीच्या आतल्या बाजूने उजवीकडे एक राखाडी पट्टा होता, विळ्याच्या पात्यासारखा वाकलेला. मेंदू त्याने डावीकडे ढकलला होता, मधली रेघ सरळ राहिली नव्हती.

"हे रक्त आहे," त्या म्हणाल्या. "हळूहळू साठलंय. मार लागला तेव्हा नव्हतं, किंवा इतकं बारीक होतं की दिसलं नाही. वय, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या, यांत असं होतं. आठवड्यांनी होतं. लोकांना वाटतं म्हातारपण आहे, थकवा आहे."

मानसी म्हणाली, "आम्हाला वाटलं ब्रेन फॉग आहे, माराने डोकं मंदावलंय. आम्ही लाइट थेरपी करत होतो. त्याने झालं का हे?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याने झालं असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. मला तसं वाटत नाही. पण महिनाभर तुम्ही त्यातच थांबलात, इथे आला नाहीत."

"कोणती वेव्हलेंग्थ—" मानसीने सुरू केलं आणि स्वतःच थांबली.

ऑपरेशन आजच करावं लागेल, कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढू, त्या म्हणाल्या. कागदावर ह्यांनी सही केली. मला कागद वाचून दाखवला, मी मान हलवली. काय वाचलं ते विचाराल तर एक शब्द आठवत नाही. अर्धं डोकं भादरताना न्हावी म्हणाला, "मावशी, केस परत येतात," एवढं मात्र लख्ख आठवतं.

वॉर्डातले दिवस

जुन्या इंजिन ऑइलसारखं काळं पातळ रक्त निघालं, असं डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं. आयुष्यभर मशिनरीत हात घातलेल्या माणसाला ते लगेच समजलं. जे समजत नव्हतं त्यात समजणारी एक गोष्ट मिळाली, म्हणून ह्यांना धीर आला असावा. हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत बसले.

दोन दिवस डोक्यातून नळी होती आणि उशीशिवाय सपाट पडून राहायचं होतं. मला कळत नव्हतं मी कुठे आहे. कधी वाटायचं चाळीतल्या खोलीत आहे आणि शेजारी स्टोव्ह पेटलाय. कधी वाटायचं दुकान बंद करायचं राहिलंय. मी नर्सला सांगायचे, ठाणं आत घ्या. ती म्हणायची, घेतली मावशी. मग मला शांत वाटायचं.

सकाळच्या राउंडला डॉक्टर विचारायचे: आज वार कोणता, हे कोणतं ठिकाण, शंभरातून सात गेले किती. शेजारच्या खाटेवर कफ परेडच्या मच्छीमार नगरची एक कोळीणबाई होती, पाठीच्या ऑपरेशनसाठी आलेली. डॉक्टर आले की ती छताकडे बघत हळूच म्हणायची, "बुधवार." मी म्हणायचे, बुधवार. एकदा डॉक्टर हसून म्हणाले, "मावशी, कॉपी करू नका." ती कोळीणबाई म्हणाली, "मी तर माझा वार मोजतेय." त्या वॉर्डात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा, आणि डोक्याचे टाके ओढले गेले.

तिसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी आली. तिने माझ्या डाव्या हातात दोन बोटं ठेवली. "दाबा." मी दाबली. "जोरात." मी दाबली. ती म्हणाली, "आई ग, सोडा आता." ह्यांनी तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघितलं.

त्या दिवसापासून डोकं निवळत गेलं. पण सरळ नाही. सकाळी सगळं स्वच्छ असायचं आणि दुपारी मी मानसीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारायचे. वर नवा गोंधळ आला: रक्त पातळ करायच्या गोळ्या. डोक्याचे डॉक्टर म्हणाले थांबवा. हृदयाचे डॉक्टर म्हणाले फार दिवस थांबवता येणार नाहीत, स्टेंट आहे. गोळी घेतली तर डोक्यात रक्त, नाही घेतली तर हृदयात गाठ. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले आणि एक तारीख ठरवली. ती तारीखच का, हे मी विचारलं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, "कुठेतरी रेघ मारायला लागते." मला हे उत्तर आवडलं. निदान त्यांनी सांगितलं की रेघ त्यांनीच मारली आहे.

मानसी

मानसी वॉर्डात यायची, सगळं करायची, पण माझ्याकडे बघायची नाही. वेणी नव्हतीच घालायला, तरी उरलेल्या अर्ध्या केसांना तेल लावायची. घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी तिला कपाटापुढे जमिनीवर बसलेली बघितली. हातात पहिल्या दिवसाचा तो छापील कागद होता.

"सगळं लिहिलंय यात," ती म्हणाली. "डोकेदुखी वाढली तर. झोप जास्त आली तर. हातपाय कमजोर झाले तर. गोंधळ वाढला तर. लगेच परत या. मी हे वाचलं होतं आई, टॅक्सीत, तुला वाचून दाखवलं होतं. आणि मग मी हेच सगळं रोज माझ्या तक्त्यात लिहीत होते."

मी तिच्याजवळ बसले. खाली बसायला मला अजून वेळ लागत होता.

"लोकांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेते मी," ती म्हणाली. "आठशे दहा की हजार सत्तर. महिनाभर. तू समोर बसलेली असायचीस."

तुझी चूक नाही म्हटलं असतं तर तिने ऐकलं नसतं, आणि ते पूर्ण खरंही नव्हतं. चूक झाली होती. तिची, माझी, ह्यांची. मी सहा म्हणाले होते तेव्हा सहा नव्हतं. तेच तिला सांगितलं. "तुला बरं वाटावं म्हणून मी आकडा वाढवून सांगायचे."

ती माझ्याकडे बघत राहिली. खूप दिवसांनी बघितलं तिने.

"किती होतं खरं?"

"तीन. एखाद दिवशी दोन."

"मग तू—" ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. रडता रडता ती माझ्यावर चिडली, भरपूर चिडली, आणि मला ते फार बरं वाटलं. हे स्वयंपाकघरातून आले, दोघींकडे बघितलं, परत आत गेले आणि भात लावला.

आता

हेल्मेट परत गेलं. त्या गृहस्थाला मानसीने काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मी आता येणाऱ्या प्रत्येकाला विचारीन, स्कॅन कधी झालाय." तो विचारतो की नाही, मला माहीत नाही. विचारत असावा असं मला वाटतं.

त्या प्रकाशात काही आहे की नाही, हेही मला माहीत नाही. मानसी अजून कधीतरी वाचते. म्हणते, काही ठिकाणी खरंच आशा वाटते, पण पक्कं काही नाही. आठशे दहा चांगला की हजार सत्तर, आमच्या घरात हा प्रश्न सुटलेला नाही. मी आता अर्धा दिवस दुकानात जाते. बाराऐवजी आठ ट्यूब लावतात, शेठनी आपणहून चार काढल्या. रंग ओळखू येतात. एखादं नाव अडकतं, तेव्हा रेश्माकडे बघते.

मागच्या आठवड्यात एक फोन आला. आमच्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई, गिरगावला राहणाऱ्या. रेश्माकडून माझ्याबद्दल ऐकलं होतं. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, न्हाणीघरात पडले, महिना झाला. घरात गोंधळल्यासारखे वागतात, झोपून असतात. भाऊ परदेशातून लाइटचं यंत्र पाठवतोय. त्या म्हणाल्या, "तुम्ही वापरलंय ना? त्यात चार-पाच प्रकार आहेत म्हणे. कुठला नंबर घेऊ?"

मी म्हटलं, "पडल्यावर स्कॅन केला होता?"

"हो, त्याच दिवशी. नॉर्मल होता."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला? नॉर्मलच होता ना."

"बाबा आता कुठे आहेत?"

"इथेच, समोर. खुर्चीत."

"जागे आहेत?"

"बसून झोपलेत." मग त्या स्वतःच म्हणाल्या, "तशी त्यांना दुपारी झोपायची सवय नव्हती."

"त्यांना हाक मारा," मी म्हटलं. "उठवा. दोन्ही हात सरळ पुढे धरायला सांगा आणि डोळे मिटायला सांगा. तुम्ही फक्त बघा. मी थांबते फोनवर."

त्यांनी फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग, "बाबा. बाबा, उठा जरा."

मी कान देऊन उभी राहिले. काउंटरवर एक बाई साडी उलगडून वाट बघत होती. मी तिला हातानेच सांगितलं, एक मिनिट.